भावजींच्या मानेतली जुनी लाइन

प्रिय भावजी,

हे पत्र मी तुमच्यासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, तेव्हा डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊ नका. मध्येच तोंड घालून "वहिनी, तसं नव्हतं ते" म्हणायची तुमची सोय आता राहिलेली नाही. त्याचा मी फायदा घेतेय असं वाटलं तर वाटू द्या. तुमच्याबद्दल जो तो आपल्या मनानं काहीतरी सांगत सुटलाय. तुमच्या बिल्डिंगमधले म्हणतात, अडाणी होता, औषधं फेकून दिली. तुमची बायको म्हणते, त्या दातांच्या डॉक्टरणीनं नको तिथं बघितलं आणि नसती ब्याद मागे लावली. दोन्ही खोटं आहे, म्हणून काय झालं ते एकदा सरळ लिहून काढते. तुमच्याशी थेट बोलत लिहायला लागलं की चार ओळींत भांडण सुरू होतं, आणि एकट्यानं भांडण्यात काही मजा नाही. तेव्हा इथून पुढे तुम्ही नुसते भावजी आणि मी नुसती वहिनी. ऐका.

भावजी नळाची कामं करायचे. वहिनी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा ते कॉलेजात जायच्या वयाचे होते आणि कॉलेजात जात नव्हते. दिवसभर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बेसिनखाली डोकं घालून उताणे पडलेले असायचे. थोरल्या भावानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, त्यांचं नाव 'वॉशर' ठेवलं होतं, कारण जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचं निदान एकच असायचं. नळ गळतोय, वॉशर गेलाय. शेजारच्या नवराबायकोचं पटत नाही, वॉशर गेलाय. सरकार पडलं, वॉशर गेलाय. वहिनी भूगोल घेऊन बीए झालेली, शाळेत शिकवणारी. तिला सुरुवातीला या दिराचा रागच यायचा. मग हळूहळू लक्षात आलं की या घरात आपल्याशी भांडण्याइतका वेळ फक्त यालाच आहे. दोघांचं जमलं ते भांडणातूनच.

थोरला भाऊ गेल्यावर भावजी दर रविवारी वहिनीकडे येऊ लागले. "तुमचा नळ बघायला आलो," म्हणायचे. नळाला काही झालेलं नसायचं. ते उगाच पाना लावून तो अर्धा फेरा आवळायचे, चहा प्यायचे, भाजी महाग झाल्याबद्दल वहिनीचं म्हणणं ऐकून घ्यायचे आणि जायचे. या भेटीला दोघांपैकी कुणीच दुसरं काही नाव दिलं नाही.

तर दात. भावजींच्या दातांची वाट त्यांच्या धंद्यानं लावली होती. जोडावर गुंडाळायची ती पांढरी टेप ते आयुष्यभर दातांनी तोडत आले. खिळे, स्क्रू, छोटे नट सगळं तोंडात धरायचं, कारण हात दोनच. वरून सिगारेट. डावीकडच्या दाढा एकेक करून गेल्या आणि उरलेली एक इतकी ठणकायला लागली की भावजी बोलायचे बंद झाले. ते बोलत नाहीत म्हटल्यावर घर घाबरलं. त्यांची बायको, म्हणजे वहिनीची धाकटी जाऊ, एका कपड्याच्या दुकानात शिलाई उसवून मापं बदलून द्यायचं काम करते. तिला रजा मिळेना. "ताई, तुम्हीच न्या त्यांना. माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. वहिनीनं नेलं. नेलं म्हणजे दंडाला धरून जिना चढवला.

दवाखान्यात आत गेल्या गेल्या भावजींनी काय करावं? खुर्चीत बसण्याआधी चूळ थुंकायच्या भांड्याखाली वाकून बघितलं.

"जोड तिरका बसवलाय," गाल धरून ते म्हणाले.

"तो जोड तुमची दाढ काढणार नाहीये. बसा," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीण लहानखुरी होती, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. तोंडात डोकावून तिनं मान हलवली आणि आधी पूर्ण जबड्याचा फोटो काढू म्हणाली. बाजूच्या खोलीत एक उभं मशीन होतं. भावजींना त्याच्या मधोमध उभं केलं, हनुवटी एका कट्ट्यावर टेकवली, पुढच्या दातांत प्लॅस्टिकची काडी धरायला दिली. मशीनचा हात त्यांच्या डोक्याभोवती गुरगुरत फिरायला लागला. भावजी काडी तशीच दातांत धरून, काचेपलीकडे उभ्या वहिनीकडे डोळे मोठे करून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मला वाटलं नटासारखं फिरवून टाळकंच उघडतंय. उघडलं असतं तर तुम्हाला बघायला मिळालं असतं, आत काय आहे ते."

"बघण्यासारखं काही असेल असं वाटत नाही," वहिनी म्हणाली.

मग पडद्यावर तो फोटो आला. या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेला भावजींचा जबडा, जणू कुणी हसता हसता तसाच राहिलाय. डॉक्टरीण बोट फिरवत सांगत होती, ही काढायची, ही वाचेल, ही कशी टिकलीय देव जाणे. बोलता बोलता ती थांबली. तिनं फोटोचा खालचा कोपरा मोठा केला. मग दुसऱ्या बाजूचा.

"काका, बीपी आहे तुम्हाला?"

"कधी बघितलं नाही."

"सिगारेट?"

"सोडली."

"कधी?"

"अजून सोडायची आहे," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीण हसली नाही. "हे जबड्याचं हाड. हे मानेचे मणके. आणि यांच्या मधे, हे पांढरं दिसतंय बघा, बारीक खडी सांडल्यासारखं. हे इथे नसायला हवं. मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी इथूनच वर जाते. तिच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं असावं. असावं म्हणतेय मी. मी दातांची डॉक्टर आहे, हे माझ्या कामातलं नाही. फोटो काढला दातांसाठी, हे आपसूक दिसलं. पण दिसल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. दाढेचं मी बघते, पण आधी फिजिशियनला दाखवून या."

"काढून टाका की मग," भावजी म्हणाले.

"कसं काढू?"

"दाढ काढताय तसं. आता आलोच आहे तर."

तिनं पुन्हा एकदा समजावलं. भावजी पडद्याच्या अगदी जवळ गेले. ती पांढरी खडी त्यांनी बराच वेळ बघितली. वहिनीनं त्यांचा हा चेहरा ओळखला. एखाद्या जुन्या बिल्डिंगच्या तळाशी उभं राहून वर जाणारी लाइन बघताना त्यांचा असाच चेहरा व्हायचा.

"म्हणजे जुन्या लोखंडी पाइपात क्षार बसतात आणि आतून भोक बारीक होत जातं, तसं," ते म्हणाले.

"अगदी तसंच!" डॉक्टरीण म्हणाली. आपलं म्हणणं एकदाचं पोचलं याचा तिला आनंद झाला. आणि तिथेच घात झाला. तिचा काही दोष नाही. पेशंटला कळावं म्हणून सगळेच डॉक्टर पाइपाचा दाखला देतात. पण तो दाखला तिनं नेमका एका प्लंबरला दिला होता.

फिजिशियननं मानेची सोनोग्राफी करायला लावली. थंडगार जेल लावून एका मुलीनं मानेवर यंत्र फिरवलं. भावजींनी तिला काय दिसतंय ते विचारलं तर म्हणाली, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: डावीकडची रक्तवाहिनी निम्म्याच्या आसपास अरुंद झालीय, उजवीकडची त्याहून कमी. ऑपरेशन करण्याइतकं नाही. बीपी वाढलेलं आहे. रोज गोळ्या घ्यायच्या, सिगारेट बंद, चालायला जायचं.

"गोळ्यांनी ते निघेल?" भावजींनी विचारलं.

"नाही. आहे ते राहील. पुढे त्रास होऊ नये म्हणून गोळ्या."

"मग त्रास होणार नाही?"

"शक्यता कमी होईल. खात्री कुणीच देऊ शकत नाही. पुष्कळांना असं असतं आणि त्यांना जन्मभर कळतही नाही. काही होतही नाही."

"मग मला कशाला कळवलंत?"

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गोळ्यांचं नाव परत एकदा सांगितलं.

दाढ नंतर निघाली, ठणका गेला, पण घरी धाकट्या जावेनं एकच शब्द धरून ठेवला, कॅल्शियम. कॅल्शियम कशात असतं? दुधात. झालं. त्या दिवसापासून घरातलं दूध बंद, दही बंद, लोणी बंद. स्वतःच्या गुडघ्यांसाठी ती कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायची, त्यासुद्धा कचऱ्यात गेल्या. वहिनीनं फोनवर बजावलं, "अगं, दूध पिऊन रक्तवाहिनीत खडी होत नाही. डॉक्टरांनी दुधाचं नावसुद्धा काढलं नाही."

"तुम्ही भूगोलाच्या, ताई," जाऊ म्हणाली. "आणि डॉक्टर कुठं सगळं सांगतात?"

भावजींचं वेगळंच चाललं होतं. त्यांनी मान वळवणं बंद केलं. हाक मारली की ते आख्खेच्या आख्खे वळायचे, कपाट सरकवल्यासारखे. न्हाव्याला सांगून टाकलं, मानेला हात लावायचा नाही. शर्टाचं वरचं बटण उघडं. स्कूटरवरून जाताना मागचं वाहन बघायला वळत नाहीत म्हणून दोनदा शिव्या खाल्ल्या. वहिनीला वाटलं, भीती आहे, जाईल हळूहळू. पण भीती वेगळी असते आणि ठरवलेलं वेगळं असतं. भावजींनी काहीतरी मनाशी ठरवलं होतं.

ते कळलं एका रविवारी. नेहमीसारखे नळ बघायला आले. घरी बिनदुधाचा चहा मिळतो म्हणून वहिनीकडे दुधाचा दोन कप प्यायले, वर म्हणाले, "तिला सांगू नका." त्या दिवशी योगायोगानं फ्लशची टाकी खरंच गळत होती. भावजी खूश झाले. पिशवीतून वॉशरचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून जमिनीवर ठेवला आणि टाकीत हात घातला. वहिनी दारात उभी. डब्यात काळे रबरी वॉशर, पितळी चकत्या, आणि त्यांच्यात मिसळलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. बऱ्याच.

"या गोळ्या वॉशरच्या डब्यात काय करतायत?"

भावजींचा हात टाकीतच राहिला.

"मी विचारलं काहीतरी."

"वहिनी, आधी टाकी करू द्या."

"टाकी गेली खड्ड्यात. घेत नाही आहात तुम्ही?"

भावजी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. ओले हात गुडघ्यांवर ठेवले. आणि त्यांनी सांगितलं. फार शांतपणे सांगितलं, तेच वहिनीला सहन होईना.

एका जुन्या बिल्डिंगमध्ये पाणी बारीक येतं म्हणून त्यांना बोलावलं होतं. पाइप क्षारांनी भरलेले. भावजी तेव्हा नवे होते, हौस मोठी. त्यांनी लाइनीत क्षार सुटायचं औषध सोडलं. क्षार सुटले. मोठमोठे पापुद्रे होऊन सुटले आणि वाहत वाहत पुढे जाऊन जिथं जिथं वळण होतं, जिथं जिथं लाइन बारीक होत होती, तिथं अडकले. ज्या घरांत बारीक का होईना पाणी होतं, तिथं थेंबही येईना. आणि एके ठिकाणी तर पाइपच फुटला. बाहेरून लोखंड गंजून गेलेलं, तो पाइप आतल्या क्षारांवरच उभा होता.

"तेव्हापासून माझा नियम आहे," भावजी म्हणाले. "जुन्या चालू लाइनीला हात लावायचा नाही. एकतर आख्खी बदला, नाहीतर जशी चाललीय तशी चालू द्या. औषध सोडायचं नाही. माझ्या डोक्यात जाणारी लाइन बदलता येत नाही, हे तर डॉक्टरच म्हणाले. मग? गोळी जाऊन तिथलं काय सोडवेल आणि ते वर कुठं जाऊन बसेल, कुणाला माहीत? वर तर सगळी बारीकच लाइन."

"अहो, रक्तवाहिन्या म्हणजे लोखंडी पाइप नव्हेत!"

"मग काय आहेत?"

चुनखडीच्या गुहा कशा तयार होतात ते तिनं वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. माणसाच्या मानेत काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

"काय आहेत ते मला माहीत नाही. पण पाइप नव्हेत."

"ती दातांची डॉक्टरीणच म्हणाली की. अगदी तसंच म्हणाली. तुम्ही होता तिथं."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकटी जाऊन फिजिशियनला भेटली. तिनं पाइपाची सगळी कथा त्याला सांगितली. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मग म्हणाला, "गोळी खरवडत नाही हो. एक गोळी रक्ताची गुठळी होऊ देत नाही, दुसरी त्या भिंतीची सूज शांत ठेवते. साचलेलं कॅल्शियम जागचं हलत नाही. त्यांना माझ्याकडे घेऊन या, मी समजावतो." वहिनीनं ते शब्द पाठ केले, परत येऊन भावजींना जसेच्या तसे सांगितले.

"त्या डॉक्टरनं कधी उघडून बघितलीय लाइन?" भावजींनी विचारलं.

"शिकताना बघितलीच असेल."

"मेलेल्याची. चालू लाइन उघडून कोण बघतंय?"

मग वहिनीनं जावेला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, आणि पोटात ठेवणं वहिनीच्या स्वभावात नाही. घरात जो तमाशा झाला तो आख्ख्या मजल्यानं ऐकला. जाऊ रडली, ओरडली, भावजींच्या तोंडात स्वतःच्या हातानं गोळी घालायला गेली. भावजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. मोठ्या माणसाचं तोंड कसं उघडणार? दुसऱ्या दिवशी तिनं गोळी कुटून भाजीत घातली, तर भाजीचा वास घेऊन त्यांनी ताट बाजूला सारलं आणि नंतर घरी जेवणंच सोडलं. बाहेर पाव खायचे. शेवटी जाऊ वहिनीला म्हणाली, "ताई, मी हात टेकले. काहीही खातायत, कुठंही खातायत. निदान घरी जेवू देत." कुणी तरी आधी ठेवायचा म्हणून वहिनीनं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मात्र भावजी आले ते स्वतःच विषय काढून.

"तिची दशा बघवत नाही," ते म्हणाले. "वहिनी, एक करा. मोठ्या हॉस्पिटलात नुसत्या रक्तवाहिन्यांचाच डॉक्टर असतो म्हणे. चालू माणसाची मान उघडून आतलं साफ करून परत शिवतो. खरं आहे?"

"असेल. असतात तसे."

"त्याच्याकडे जाऊ. तो रोज बघत असणार. त्याला मी एकच गोष्ट विचारीन. तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला ना, की सुटून वर जात नाही, तर त्याच्यासमोर गोळी गिळतो."

"आणि काय विचारणार आहात?"

"ते मी बघतो. तुम्ही नुसत्या चला. ती नको, ती रडते." मग पिशवीत हात घालून त्यांनी पेपरात गुंडाळलेला हातभर पाइप दाखवला. कुठल्याशा पाडलेल्या बिल्डिंगमधून कापून आणलेला. तोंडाशी बघितलं तर आत पांढरेकरडे थरावर थर बसलेले, मधे करंगळी जाईल एवढीच वाट. "हा त्याच्या टेबलावर ठेवायचा. म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते दोघांनाही कळेल."

वहिनीला हसू आलं. पण माणूस तयार झाला होता, एवढं पुरे होतं. तिनं चार ठिकाणी फोन केले, शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीची ओळख काढली, आणि शुक्रवारी सकाळची वेळ मिळवली.

शुक्रवारी वहिनी तयार होऊन फाटकाशी उभी होती. पर्स, पाण्याची बाटली, सोनोग्राफीचे कागद. भावजी आले नाहीत, फोन आला. मागे धबधबा पडल्यासारखा आवाज येत होता.

"वहिनी, मुलींच्या होस्टेलची मेन लाइन फुटलीय. जिन्यावरून पाणी वाहतंय. सगळ्या पोरी बादल्या घेऊन उभ्यात. मी आत्ता सोडून आलो तर खालचा विजेचा बोर्ड भिजेल."

"दुसरा कुणी प्लंबर नाही का जगात?"

"आहेत. पण ही लाइन मीच टाकलेली."

"भावजी, तुमची स्वतःची लाइन..."

"पुढच्या शुक्रवारी. नक्की. वेळ तेवढी पुढं ढकला. वहिनी, रागावू नका हो, इथं खरंच..." आणि कुणावर तरी ओरडायला ते फोनपासून लांब गेले. वहिनीनं घरात जाऊन हॉस्पिटलात फोन केला आणि पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली.

ते झालं बुधवारी. सकाळी, उजेडात, चहा पिता पिता. जावेनं अलीकडे हट्ट सोडून त्यात थोडं दूध घालायला सुरुवात केली होती. कप भावजींच्या उजव्या हातातून सुटला आणि फरशीवर फुटला. जाऊ म्हणाली, "एवढा गरम नव्हता काही." भावजी तिच्याकडे बघत होते. तोंडाची एक बाजू खाली आली होती. तिला वाटलं, चिडवतायत. त्यांचं काही सांगता येत नाही. मग ते खुर्चीवरून हळूहळू घसरले. जावेचा वहिनीला फोन आला तो असा: "ताई, हे बोलत नाहीयेत. नुसते बघतायत. ताई, या ना."

हॉस्पिटलात नेलं तेव्हा वेळेत नेलं, असं सगळे म्हणाले. डावीकडची रक्तवाहिनी. तिथून निघून काहीतरी वर गेलं आणि बारीक लाइनीत अडकलं. डॉक्टर हे सांगत होता तेव्हा जाऊ वहिनीच्या दंडाला नखं रुतवून उभी होती. वहिनीनं विचारायचं ते विचारलं, कारण दुसरं कुणी विचारलं नसतं.

"गोळ्या घेतल्या असत्या तर?"

"कदाचित झालं नसतं," तो फिजिशियन म्हणाला. तो मुद्दाम बघायला आला होता. "कदाचित झालंही असतं. गोळ्या घेणाऱ्यांनाही होतं. मला खरंच सांगता येणार नाही." मग म्हणाला, "आमच्याकडे येऊन बसले असते तर समजावलं असतं."

येऊन बसले असते तर काय समजलं असतं, ते वहिनीला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. तो तरी बिचारा काय सांगणार होता.

भावजी आता पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर असतात. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, ती तो हात उचलते, सोडते, उचलते. सगळे शब्द गेले, एकच राहिला: 'चालू'. वरच्या मजल्यावरून खाली, खालून गच्चीवर, पाणी सोडायला सांगताना जन्मभर ओरडून म्हटलेला. भूक लागली तरी 'चालू'. पाठ दुखली तरी 'चालू'. बायकोवर चिडले तरी 'चालू, चालू', आणि डोळ्यांत पाणी. जाऊ अंदाजानं करत राहते. कधी बरोबर येतो, बहुतेक वेळा चुकतो. त्यांना समजतं किती, हे कुणी सांगू शकत नाही. ती व्यायामवाली म्हणते, सगळं समजतं. डॉक्टर म्हणतो, थोडं. वहिनी रोज दुपारी येऊन बसते, पेपर वाचून दाखवते, मधेच वर बघते, आणि भावजी तिच्याकडे बघत असतात, मान न वळवता. आता गोळ्या रोज जातात, सगळ्या, चमच्यात कुस्करून. तोंड मिटायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. जाऊ ते करते तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघते.

झाली गोष्ट, भावजी. आता परत तुमच्याशी बोलते.

पुढं ढकललेल्या त्या शुक्रवारी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरच्या हॉस्पिटलातून फोन आला होता. तुम्ही आत होता, नळ्या लावलेल्या. बाई विचारत होती, पेशंट पोचले का, डॉक्टर वाट बघतायत. मी सांगितलं, नाही येऊ शकत. ती म्हणाली, मग नवी वेळ देऊ का? मी म्हटलं, कळवते. मागच्या महिन्यात मीच एकदा फोन उचलून नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवला. मी एकटी जाऊन त्या माणसासमोर बसू शकते, पाइपही नेऊ शकते. पण त्याला काय विचारायचं होतं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. 'ते मी बघतो' म्हणालात. इतके दिवस मी तुमच्या खाटेशी बसून अंदाज करतेय; एकदा वाटलं सापडलं, तुम्हाला विचारलं, तुम्ही 'चालू' म्हणालात, आणि ते हो होतं की नाही ते मला कळलं नाही. त्या बाईला अजून कळवलेलं नाही.